रविवारचे प्रश्न

गुणाबाईनं अनारशाची गोळी खसखशीवर थापली, अलगद उचलून तुपात सोडली आणि झाऱ्यानं वरून तूप उडवत ओठातल्या ओठात म्हणाली, “त्येनेस म्येदो?”

अनारसा तुपात हसला. म्हणजे जाळी धरायची सोडून विरघळून कढईभर पसरला. एरवी गावात कुणाचा अनारसा हसला की पीठ दाखवायला बाया गुणाबाईकडं येतात. आज तिचाच हसला. तिनं तुकडे निथळून बाजूला काढले, दुसरी गोळी घेतली आणि पुन्हा तेच दोन शब्द म्हणून पाहिले, या खेपेला जरा गोड आवाजात, सहज चौकशी करावी तसे.

“कुणाशी बोलून राहिलीस गं?” बाहेरच्या खोलीतून हणमंतरावांनी विचारलं.

“कुणाशी न्हाई. देवाचं म्हणून राहिले.”

देवाचं काही नव्हतं. त्येनेस म्येदो म्हणजे तुला भीती वाटते का. स्पॅनिश भाषेतला साधा, पहिल्या धड्यातला प्रश्न. मोबाईलवर एक बाई रोजच्या बोलण्यातले प्रश्न शिकवायची. भूक लागली का, थंडी वाजते का, झोप आली का, भीती वाटते का, सगळे एकाच साच्यातले. पहिले तीन गुणाबाईनं विचारून झाले होते. चौथा तिनं आजवर गिळला होता. आज तो विचारायचाच असं ठरवून ती उठली होती.

प्रश्न विचारायचा होता लेकीला, आणि लेक होती स्पेनमध्ये. तनुजाच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. जावई सुदर्शन नांदेडचा; कंपनीनं त्याला झारागोझा नावाच्या शहरात पाठवलेलं. उदगीरच्या बाजूच्या या गावात स्पेनचा जावई म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. हणमंतराव आडतीवर गेले की लोक आधी जावयाचं विचारत आणि मग तुरीचा भाव सांगत. हणमंतरावांनाही तोच क्रम आवडायला लागला होता.

त्यात यंदा अधिक महिना आला, आणि लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा. त्याला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण दिव्यासकट हातात द्यायचं आणि साक्षात नारायण समजून ओवाळायचं. आता हा नारायण बसलेला सातासमुद्रापलीकडं. तेव्हा हणमंतरावांनी तोड काढली. वाण घ्यायला नांदेडहून इवाई, म्हणजे व्याही, आणि विहीणबाई येतील, आणि जावयाला व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं. मोबाईलला ओवाळल्याचं अख्ख्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. त्याचाही त्यांना अभिमानच वाटत होता.

गुणाबाई गावच्या अंगणवाडीत सेविका होती. घरोघर जाऊन बायांना विचारायचं हेच तिचं काम. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, झोप लागते का. सासू दारात उभी असली की सुना कसा ‘हाव’, म्हणजे हो, म्हणतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तोंड ‘हाव’ म्हणतं आणि हात पदराचं टोक पिळत बसतात. तनुजाचा असलाच ‘हाव’ पहिल्या महिन्यापासून फोनवर यायला लागला, तेव्हा गुणाबाईनं तो ओळखला होता. ओळखूनही तिनं मनाची समजूत घातली की नवी जागा आहे, थंडी आहे, पोरीला करमत नसेल.

तनुजाचा स्वतःचा फोन तिकडं गेल्या गेल्या बिघडला होता. असं सुदर्शन म्हणाला. तो काही दुरुस्त होऊन आला नाही. रविवारी दुपारी सुदर्शनच्याच फोनवरून कॉल यायचा आणि तो मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारीच बसलेला असायचा. इकडं हणमंतराव बसलेले असायचे. अशात लेकीला काय विचारणार? सासरी सुखात आहेस ना, असं जावयादेखत विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची अब्रू काढणं. त्यांच्या घरात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

स्पॅनिशची सुरुवात तनुजानंच केली. समोरच्या दारात पिलार नावाची एक म्हातारी राहायची. तिच्याकडून ती थोडं थोडं बोलायला शिकली होती. एका रविवारी म्हणाली, “आई, तूबी शीक की. गंमत म्हणून.” आणि तिनं ‘आस कोमीदो’ शिकवलं. आस कोमीदो म्हणजे जेवलीस का. सुदर्शनलाही हसू आलं. “आता आईचा व्हिसा काढावा लागतोय,” म्हणाला. त्याला स्वतःला ती भाषा येत नव्हती. त्याच्या ऑफिसात इंग्रजीवर भागायचं.

पुढच्या रविवारी गुणाबाईनं मोठ्या हौसेनं विचारलं, “आस कोमीदो?”

“नो,” तनुजा म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. “आयेर तांपोको.”

तिकडं अजून जेवणवेळ व्हायची होती; ‘नो’ ऐकून सुदर्शननं मान वर केली नाही. हणमंतराव खूश झाले. “बघ बघ, काय फाडफाड बोलून राहिली पोरगी!”

गुणाबाईला ‘नो’ कळला. उरलेले दोन शब्द तिनं तोंडातच धरून ठेवले, विसरू नयेत म्हणून कुणाशी बोलली नाही, आणि फोन बंद होताच परसात जाऊन ते मोबाईलला म्हणून दाखवले. मोबाईलनं मराठीत लिहून दिलं: कालही नाही.

ती तिथंच धुण्याच्या दगडावर बसली. तिला वाटलं, आपण चुकीचं म्हटलं असेल. पुन्हा म्हणून दाखवलं, पुन्हा तेच आलं. पोरगी तिकडं दोन दिवस उपाशी होती आणि तोंड भरून हसत होती.

त्या दिवसापासून ती खऱ्या अर्थानं शिकायला लागली. भाकरी थापताना, अंगणवाडीत पोरं झोपली की, मोबाईल कानाला लावून. आठवड्याला एक प्रश्न. नीट झोपलीस का? नो. बाहेर जातेस का? नो, आणि पुढं तीन शब्द, ज्यांचा अर्थ परसात निघाला: माझ्याकडं किल्ली नाही. हे सगळं हसतखेळत चाललेलं असायचं, एकीकडं हणमंतराव कौतुक करत असायचे आणि दुसरीकडं सुदर्शन लॅपटॉपवर बोटं चालवत असायचा. रविवार सरला की पुढच्या रविवारपर्यंत गुणाबाई वाट बघत राहायची.

शेवटी तिनं हणमंतरावांना सांगितलं.

“तुला काय ती भाषा येती?” ते म्हणाले. “चार शब्द शिकलीस आन् पोरीचा संसार मोडाया निघालीस. मोबाईल काय, काहीबी सांगतंय.”

“अवो, किल्लीबी न्हाई तिच्याकडं.”

“मग? कुठं जायचंय तिला? ना वळख ना पाळख.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “गुणा, मला गावात तोंड दाखवायचंय.” बोलता बोलता त्यांचा हात छातीवर गेला. मागच्याच वर्षी लातूरला नेऊन त्यांच्या छातीत स्प्रिंग टाकली होती. गुणाबाईनं विषय सोडला. तिला नवऱ्याचा राग आला, पण मनात कुठंतरी तिला वाटतही होतं की देवा, हेच खरं ठरू दे. मीच चुकीचं ऐकत असेन.

आणि गेले काही रविवार तर सगळं निवळल्यासारखं झालं होतं. आस कोमीदो? सी. नीट झोपलीस का? सी, आई, सी. प्रत्येक प्रश्नाला ‘सी’, म्हणजे हो. गुणाबाईला इतकं हलकं वाटलं होतं की तिनं ग्रामदेवतेला नारळ फोडला. नवरा-बायकोचं सुरुवातीचं काहीतरी बिनसलं असेल, मिटलं असेल. तरी मनात एक कुसळ राहिलंच होतं. म्हणून आज तो चौथा प्रश्न एकदा विचारून टाकायचा, पोरीच्या तोंडून ‘नो’ ऐकायचा आणि या सगळ्यातून मोकळं व्हायचं.

इवाई आले ते दुपारी. सुदर्शनचे वडील वैजनाथराव मोठ्या आवाजाचे. बसायच्या आधी त्यांनी पंखा वाढवायला लावला आणि बसल्यावर रस्त्यातल्या खड्ड्यांवरून सरकारला धारेवर धरलं. त्यांच्या पत्नी भामाबाई भिंतीला टेकून बसल्या. चहा घेणार का विचारलं तर त्यांनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, तेव्हा वैजनाथराव म्हणाले, “नको तिला. पित्त होतंय.” भामाबाईंनी मान हलवली.

जेवणं झाली. पाटाभोवती रांगोळी काढून पाटावर मोबाईल ठेवला, पडू नये म्हणून मागं तांब्या लावला. कॉल आला. सुदर्शन झब्बा घालून, डोक्याला टोपी घालून बसला होता. शेजारी तनुजा हिरव्या साडीत. गालांची हाडं वर आली होती. उन्हाळ्याचे दिवस, तरी ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. गुणाबाईनं ते पाहिलं आणि डोळे ताटाकडं वळवले.

“लाव लाव, कुंकू लाव,” हणमंतराव म्हणाले. गुणाबाईनं काचेवर जावयाच्या कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट टेकवलं. सगळे हसले. सुदर्शननं हात जोडले. तिनं ताट उचललं आणि ओवाळायला लागली. निरांजनाची ज्योत काचेत दिसत होती, तिच्या मागं ती दोघं.

आता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“तने,” ती हसून म्हणाली, “त्येनेस म्येदो?”

तनुजाचे ओठ हलले. पण उत्तर आलं ते शेजारून.

“दे के, आई?” सुदर्शन म्हणाला. तोही हसतच. “कशाची भीती? मीबी क्लास लावलाय की. दोन-तीन महिने झाले, ऑफिसनंच लावून दिला. तुमची मायलेकीची गंमत मला आता सगळी समजतीय.”

“पोरगं हुशार हाय आमचं!” वैजनाथराव मांडीवर थाप मारून हसले. हणमंतरावही हसले.

गुणाबाईच्या हातातलं ताट फिरायचं थांबलं. दोन-तीन महिने. म्हणजे ते सगळे ‘सी’. ज्या रविवारी तिच्या जिवाला बरं वाटलं, ज्या रविवारी तिनं देवीला नारळ फोडला, त्याच रविवारपासून पोरगी खोटं बोलायला लागली होती, कारण शेजारचा माणूस ऐकायला लागला होता. आणि आधीच्या त्या ‘नो’चं काय? त्याला ते कधी उमगले असतील, त्या दिवशी फोन बंद झाल्यावर घरात काय झालं असेल? गुणाबाईला पुढचा विचार करवेना. तनुजा तिच्याकडं बघत होती. डोळ्यांनी सांगत होती की पुरे कर, आई, आता काही विचारू नकोस.

आता काय करायचं, तिसरी भाषा शिकायची? ती कुठून आणायची? आणि तीही याला कळली की? तिला जन्मात एवढी भीती कधी वाटली नव्हती. आडून विचारायच्या सगळ्या वाटा बंद झाल्या होत्या, आणि न विचारता गप्प बसणं तिच्यानं होणार नव्हतं.

ओवाळणीचं ताट अर्ध्यात खाली ठेवत नाहीत. तिनं ठेवलं.

“तनुजा,” ती मराठीत म्हणाली. शब्द स्पष्ट होते. “तू ह्यांना भेतीस का? खरं सांग. पोटाला मिळतंय का तुला?”

“गुणा!” हणमंतराव उभेच राहिले.

“काय विचारून राहिल्या ह्या बाई?” वैजनाथराव म्हणाले.

तनुजानं तोंड उघडलं. सुदर्शनचा हात पुढं आला, मोठा मोठा होत त्यानं अख्खी काच झाकली, आणि कॉल तुटला. काळ्या काचेवर तेवढं कुंकवाचं बोट राहिलं.

गुणाबाईनं उलटा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. वैजनाथरावांचा आवाज चढतच होता. सोन्यासारख्या पोराला ओवाळायला बसवून त्याचा पाणउतारा करता का? इवायाच्या तोंडावर? ही कुठली रीत? वाण नको आम्हाला तुमचं. “ऊठ गं,” ते बायकोला म्हणाले.

भामाबाई उठल्या नाहीत.

“हाव,” त्या म्हणाल्या.

“काय हाव?”

“भेती ती त्याला.” भामाबाई नवऱ्याकडं न बघता गुणाबाईकडं बघून बोलत होत्या. “मला ठावं हाय. थंडीत मला फोन केलता तिनं, त्या समोरच्या म्हातारीच्या फोनवरनं. तुमच्याकडं लावला न्हाई, बाबाच्या छातीला सोसायचं न्हाई म्हणली. मला म्हणली, तुमी त्याची आई, तुमी सांगून बघा.” त्या थांबल्या. “मी म्हणलं, मी दिवस काढले, तूबी काढ.”

“भामे, तोंड बंद कर.”

भामाबाईंची मान सवयीनं खाली गेली. हात मात्र कमरेच्या पिशवीत गेला आणि छोटा बटणांचा फोन घेऊन बाहेर आला. “नंबर असंल ह्यात. मी पुसला न्हाई,” त्या म्हणाल्या आणि फोन गुणाबाईपुढं धरला.

वैजनाथराव एक पाऊल पुढं आले. हणमंतराव बायकोवर ओरडायला उभे राहिले होते, ते तसेच इवाई आणि बायांच्या मध्ये येऊन उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“इवाईबुवा,” ते म्हणाले, “खाली बसा.”

“अवो, बायकांच्या नादी लागून तुमी...”

“बसा म्हणलं ना.”

गुणाबाईनं थंडीतला तो लांबलचक नंबर आपल्या मोबाईलवर उतरवला. एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा घातला. व्हॉट्सअ‍ॅपवर एका म्हातारीचा फोटो आला, मांडीवर कुत्रं घेतलेली. रिंग वाजायला लागली. ती उचलेल की नाही, घरात असेल की नाही, काही माहीत नव्हतं.

“दीगा?” म्हातारीनं फोन उचलला.

गुणाबाईला एकही प्रश्न आठवेना. इतके महिने घोकलेले सगळे साचे कुठल्या कुठं गेले. तिकडं आईला मामा म्हणतात, एवढंच आठवलं.

“मामा,” ती म्हणाली. “तनुजा. मी तनुजाची... मामा. म्येदो. तनुजा, म्येदो.”

पलीकडून म्हातारी भराभर खूप काही बोलली. त्यातलं गुणाबाईला फक्त पोरीचं नाव कळलं, तेही त्यांच्या पद्धतीनं, तानूखा, तानूखा. मग बोलणं थांबलं. फोन चालूच होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं. सपाता फरशीवर घासत गेल्या, अगदी थोडा वेळ, कारण जायचं होतं ते समोरच्याच दारापर्यंत.

बेल वाजली. भामाबाईंनी गुणाबाईचं मनगट धरलं. हणमंतराव मोबाईलकडं बघत होते, वैजनाथराव खाली बसले होते, आणि तिकडं दार काही उघडत नव्हतं. म्हातारीनं पुन्हा बेल दाबली, आणि या खेपेला बोट काढलंच नाही.